नारिंगी शेपूट

३ डिसेंबर, रविवार

निवृत्तीच्या निरोप समारंभात ऑफिसने ही डायरी हातात ठेवली तेव्हा अर्धं वर्ष सरलं होतं. आता डिसेंबर उजाडला तरी पानं कोरीच. काल ही म्हणाली, "लिहायचं नसेल तर द्या इकडे, मी ब्लाउजची मापं उतरवीन." हिच्या हाती लागण्याआधी लिहायला घेतलेलं बरं. शिवाय लिहिण्यासारखं आजच घडलं. वयाच्या साठाव्या वर्षी मी मोटारसायकल क्लबात दाखल झालो.

हौस म्हणून नव्हे. कामगिरीवर आहे.

आमची लेक जनावरांची डॉक्टर. दिवसभर गाई-घोड्यांच्या लाथा चुकवते आणि सुट्टीच्या दिवशी या क्लबाबरोबर बाईक उडवते. जानेवारीत क्लब समुद्रापर्यंत जाणार आहे, चांगले आठ दिवस. लेकीचं वय सत्तावीस, कमाई स्वतःची, बाईक स्वतःची. कोणाला विचारायची गरज नाही. तरी परवा जेवताना तिने विचारलं, "बाबा, जाऊ?" माझा घास तोंडातच फिरला. मी म्हटलं, "बघू." बघू हा बापलोकांचा फार सोयीचा शब्द आहे. त्यात होही नाही आणि नाहीही नाही.

नंतर स्वयंपाकघरात हिने मला गाठलं. "अहो, नुसतं बघू बघू काय करता? महिनाभर तिच्याबरोबर फिरा. ती गाडी कशी चालवते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग काय ते सांगून टाका. आणि जरा लक्ष ठेवा."

पटलं मला. जन्मभर मी लिफ्टच्या तपासण्या केल्या. दोर, ब्रेक, दारं सगळं बघितल्याशिवाय कुठल्या कागदावर सही केली नाही. लेकीच्या बाबतीत तरी डोळे मिटून सही कशी करू?

थोड्या वेळाने पाणी प्यायला परत गेलो, तर ही लेकीलाही तेच सांगत होती, "जरा लक्ष ठेव गं." रस्त्यावर लक्ष ठेवायला सांगत असणार. आईचं काळीज, दुसरं काय.

क्लबाच्या प्रमुख एक बेकरीवाल्या बाई आहेत. सगळे त्यांना कप्तानबाई म्हणतात. बेकरीच्या मागच्या अंगणात रविवारी सकाळी सगळे जमतात. बाईंनी माझ्या गाडीचे टायर दाबून पाहिले, मागचा दिवा पाहिला, चेन पाहिली. पस्तीस वर्षं हत्यारांची पिशवी वाहिलेली गाडी आहे ती, तिला कोणी अशी तपासलेली मला आवडत नाही. मग बाईंनी मलाच तपासलं. "चष्म्याचा नंबर शेवटचा कधी काढला?" मी म्हटलं, "गेल्याच वर्षी." त्या म्हणाल्या, "मग या वर्षीचा काढून या." तपासायला गेलो आणि स्वतःच तपासला गेलो.

१० डिसेंबर, रविवार

आज पहिली फेरी. नवा चष्मा, पंधरा गाड्या.

क्लबाची एक पद्धत आहे, ती लिहून ठेवतो, कारण मला ती आधी बालवाडीतली वाटली. सगळ्यात पुढे कप्तानबाई. रस्ता त्यांनाच ठाऊक. वळण आलं की बाईंच्या लगेच मागे असलेला माणूस थांबतो, गाडी रस्त्याच्या खाली घेतो आणि वळणाकडे हात करून उभा राहतो. याला म्हणतात कोपरा धरणं. बाकीचे त्याचा हात बघून वळतात. सगळ्यांच्या शेवटी नारिंगी जॅकेट घातलेला एक जण येतो. त्याला म्हणतात शेपूट. शेपूट दिसलं की कोपरा धरणाऱ्याने गाडी काढायची आणि शेपटाच्या पुढे लागायचं. शेपूट दिसल्याशिवाय कोपरा सोडायचा नाही, मग आभाळ का कोसळेना. आणि शेपटाने कोणाच्याही पुढे जायचं नाही, रस्ता बदलायचा नाही.

दातवाला म्हणून एक सभासद आहे, दातांचा डॉक्टर. त्याने मला याचं मर्म सांगितलं. "काका, यामुळे सिग्नलला अडकलेला माणूस घाबरून गाडी पळवत नाही. त्याला माहीत असतं, पुढे कोणीतरी हात करून उभं आहे."

मीही एक कोपरा धरला, बाजाराच्या तोंडाशी. हात लांब करून उभा होतो, तर एका आजीबाईंनी त्या हातात आपली भाजीची पिशवी अडकवली, निवांत पदराने चष्मा पुसला, पिशवी काढून घेतली आणि चालू लागल्या. आभार नाहीत की काही नाही. मी हात खाली केला नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

तपासणीचा अहवाल: लेक माझ्या फार पुढे होती, दिसलीच नाही. चहाच्या वेळी एक चूक सापडली. तिने हातमोजे आधी घातले आणि हेल्मेटचा पट्टा नंतर लावला. ही चूक धरतात का, ते विचारायला हवं.

१२ डिसेंबर

सकाळी खिडकीतून पाहिलं तर लेक माझ्या गाडीपाशी उकिडवी बसलेली. मागच्या चाकात हवा कमी होती म्हणे. काल म्हणे ब्रेकची तार सैल होती. परवा आरसा फिरवून ठेवला होता. पोरीला स्वतःची गाडी सोडून माझ्या गाडीचा एवढा पुळका का, समजत नाही. ती दवाखान्यात गेल्यावर तिच्या जुन्या गाडीची मी कसून तपासणी केली. सगळं जिथल्या तिथे होतं. थोडी निराशा झाली.

१७ डिसेंबर, रविवार

आज अपमान झाला.

फेरी संपल्यावर कप्तानबाईंनी सगळ्यांना गरम पाव वाटले आणि जाहीर केलं की सुट्ट्यांमधल्या फेऱ्यांना शेपूट मी. जुनं शेपूट, म्हणजे पोस्टातले काका, गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलेत. त्यांचं जॅकेट बाईंनी माझ्या अंगावर चढवलं. माझ्या पोटावर ते लागेना. सगळे हसले.

मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "मीच का?" त्या म्हणाल्या, "तुमच्या लेकीनेच नाव सुचवलं." म्हणजे घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते हे! लेक पुढे आणि मी टोकाला मागे, मधे अख्खी वरात. मी तपासणी करायची कशी? पोरीने बरोबर डाव टाकला.

मग बाईंनी विषयच बदलला. विचारलं, "तुम्ही लिफ्टवाले ना? दोर तुटला तर काय होतं हो?" मी सांगितलं, लिफ्टच्या तळाशी एक पकड असते. वेग वाढला की ती दोन्हीकडचे रूळ घट्ट धरते, लिफ्ट जागच्या जागी थांबते. "ती लोकांना दिसते?" म्हटलं, "छे! कोणाला माहीतही नसते." "मग झालं तर," असं म्हणून त्या भट्टीकडे निघून गेल्या. बाईंना एकाएकी लिफ्टमध्ये एवढा रस कुठून आला, कोण जाणे.

घरी आल्यावर लेकीला सरळ विचारलं, "मला मागे का टाकलंस?"

ती बूट काढत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे असलात की मला मागे वळून बघावं लागत नाही."

ऐका! बापाकडे वळूनसुद्धा बघायचं नाही म्हणे.  जेवताना भात दुसऱ्यांदा घेतला नाही, तेवढ्यावरून तिला कळायला हवं होतं. तिने स्वतःच वाढला.

२१ डिसेंबर

हिने जॅकेट उसवून दोन्ही बाजूंना पट्ट्या घातल्या. आता पोट मावतं. पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्याही शिवल्या, एक आडवी, दोन उभ्या. मी म्हटलं, "लग्नातला घोडा करून ठेवलास." ही दोरा दातांनी तोडत म्हणाली, "दिसला नाहीत तर काय उपयोग? शेपूट दिसायलाच असतं."

लेकीने मला जाड हातमोजे आणून दिले, आत लोकर असलेले. "समुद्राकडचा वारा फार बोचतो," असं काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "आपल्या गावात कुठला समुद्र?" ती नुसती बघत राहिली आणि मग आत गेली. कामाने दमलेली असते बिचारी.

संध्याकाळी बेकरीत बैठक झाली. चोवीस तारखेला मोठी फेरी, जुन्या धरणापर्यंत. कप्तानबाई पाव कापता कापता बोलत होत्या, पण सुरी हातात असल्यामुळे सगळे मन लावून ऐकत होते. "सुट्टीतला माणूस गाडी चालवत नाही, सुट्टी चालवतो. मागच्या काचेला बॅगा टेकलेल्या असतात, त्याला तुम्ही दिसत नाही. पुढे बायको नकाशा बघत असते, ती अचानक 'इथेच, इथेच' म्हणते आणि तो तिथेच वळतो. आदल्या दिवशी पार्टी झालेली असते, सकाळपर्यंत डोक्यातून उतरलेली नसते. तेव्हा अंतर ठेवा. नेहमी ठेवता त्याच्या दुप्पट ठेवा. कोणी घुसलं तर घुसू द्या, आपल्याला त्याच्याशी लग्न करायचं नाही. कोपरा धरताना गाडीशेजारी उभं राहू नका, गाडीपासून लांब, मोकळ्या जागी उभे राहा. आणि आदल्या दिवशी कोणी पिणार असेल तर त्याने आत्ताच सांगावं, त्याला मी पाव पोचवायला ठेवते."

कोणी हात वर केला नाही. फक्त मास्तरांनी विचारलं की, औषधाच्या बाटलीतलं चालतं का. मास्तर गणित शिकवतात, त्यांना सगळ्याला अपवाद शोधायची सवय आहे. बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही पाव पोचवाल."

बाई बोलतात छान. पण या सगळ्यात शेपटाने काय करायचं, त्यावर एकच वाक्य: "शेपटाने फक्त मागे राहायचं." एवढं तर दगडालाही जमतं.

२४ डिसेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही. पण चांगलं तेवढंच लिहायचं तर मग डायरी कशाला? ब्लाउजची मापं काय वाईट होती?

पहाटे दाट धुकं. सगळे निघाले, मी शेवटी. पहिले दोन कोपरे नीट झाले. मग मोठ्या रस्त्याला सुट्टीवाल्यांच्या गाड्या लागल्या, टपांवर गाद्या, सायकली, एकीवर तर उलटी बांधलेली बाळाची ढकलगाडी. मी बाईंच्या सांगण्याप्रमाणे अंतर ठेवलं. त्या अंतरात एक गाडी घुसली. पुन्हा अंतर ठेवलं, दुसरी घुसली. असं करता करता माझ्यापुढे नुसत्या बॅगाच बॅगा, आमच्यातलं कोणीही दिसेना. मी एकटा, अंगावर चमकत्या पट्ट्या, घोडा आहे पण वरात नाही.

तेव्हा कालव्याकडे उतरणारा जुना रस्ता दिसला. धरणाच्या वीजघरात एक लिफ्ट आहे, तिच्यासाठी या रस्त्याने मी कितीदा गेलोय. मधले सगळे फाटे टाळून तो सरळ धरणाच्या दाराशी निघतो. मनात आलं, या रस्त्याने पुढे जाऊन बसावं. सगळे समोरून येतील, लेकही येईल, आणि एकदाची तिला गाडी चालवताना डोळे भरून बघता येईल. महिना संपत आला, तपासणी व्हायचीय, आणि समुद्राचं काय ते सांगायचंय. मागे राहून काय डोंबल दिसणार?

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. वळलो.

कालव्याचा रस्ता रिकामा होता. मजेत पोचलो, धरणाच्या दाराशी चहा घेतला, जॅकेट सारखं केलं आणि तपासनीसासारखा कठड्याला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळाने कप्तानबाई आल्या, मागे ओळीने बाकीचे. सुरेख दृश्य होतं. मी हात हलवला.

बाईंनी गाडी लावली आणि हेल्मेट काढताना माझ्याकडे पाहिलं. त्या हसतील असं मला वाटलं होतं.

"तुम्ही इथे कसे?"

"कालव्याने आलो. जवळ पडतो."

"आणि कोपरे?"

मला तेव्हाही कळलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण नाहीच कळलं. मी माणसं बघत होतो, त्यात लेक नव्हती. दातवाला नव्हता, मास्तर नव्हते. म्हटलं, "तिघं मागे राहिलेत वाटतं."

"राहिले नाहीत," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. "उभे आहेत. तुम्ही दिसल्याशिवाय ते हलणार नाहीत."

 धरणापाशी फोन लागत नाही, फाट्यांवरही लागत नाही. चहावाला म्हणत होता, मधल्या फाट्यावर सुट्टीत फार गर्दी होते, गेल्या आठवड्यातच एक गाडी वळताना शेतात गेली. मी त्याचं ऐकून घेतलं नाही. गाडी वळवली आणि ज्या रस्त्याने यायला हवं होतं त्या रस्त्याने उलटा निघालो. जोरात पळवावी असं वाटत होतं. पण धुकं होतं, आणि मी आडवा झालो तर त्या तिघांना कोण सोडवणार? हळूच गेलो. इतका हळू मी आयुष्यात कधी गेलो नसेन.

पहिला दातवाला भेटला. एका झाडाखाली संत्रं खात उभा, एक हात मात्र वळणाकडे. मला पुढून येताना पाहून म्हणाला, "काका, शेपूट पुढून आलं? हत्ती उलटा चाललाय का?" मी म्हटलं, "जा तू, मी नंतर सांगतो." त्याने माझा चेहरा पाहिला असावा. उरलेलं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि गेला.

दुसरा फाटा खडीच्या खाणीजवळ. गाड्यांची नुसती रीघ. तिथे लेक उभी होती.

तिची पाठ माझ्याकडे होती. बाईक रस्त्याच्या खाली, व्यवस्थित लावलेली. ती तिच्यापासून लांब, मोकळ्या जागी, बाईंनी सांगितलं होतं तशी. उजवा हात वळणाकडे आणि तोंड मागे, ज्या रस्त्याने मी यायचा होतो त्या रस्त्याकडे. एका मोटारीजवळ वाकून ती चालकाला काहीतरी विचारत होती. तो मान हलवून पुढे गेला. तिने हात खाली केला, दंड चोळला आणि पुन्हा वर केला.

मी हाक मारली, "राणी."

ती वळली. आधी जॅकेट पाहिलं, मग मला. धावत आली आणि माझे खांदे, कोपरं, गुडघे चाचपायला लागली, एखादं वासरू खड्ड्यात पडल्यावर चाचपतात तसे. "कुठे लागलं? डोक्याला लागलंय? बोटं हलवा बघू."

"नाही गं, कुठे नाही लागलं."

"मग गाडी बंद पडली?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, "कालव्याने गेलो. तुला समोरून बघावं म्हणून."

 तिचे ओठ थंडीने निळे पडले होते. म्हणाली, "मघाशी मागून ॲम्ब्युलन्स गेली, बाबा. मी थांबवायला बघत होते. थांबली नाही." आणि मग, "सगळ्यांना विचारलं मी. नारिंगी जॅकेटवाला कोणी पडलेला दिसला का म्हणून."

"मग तू निघून यायचंस ना मला बघायला!"

"आणि मी कोपरा सोडल्यावर तुम्ही आला असतात तर? तुम्हाला रस्ता कोणी दाखवला असता?"

 खिशातलं संत्रं तिला देऊ लागलो. तिने घेतलं नाही. हेल्मेट घातलं, आधी पट्टा लावला, मग हातमोजे घातले.

मास्तरांना सोडवायला आम्ही दोघं गेलो. ते तिसऱ्या फाट्यावर खुशीत होते. हात करून उभा असलेला माणूस पाहून सुट्टीवाले त्यांनाच रस्ता विचारत होते आणि मास्तर प्रत्येकाला दोन पर्याय समजावून सांगत होते. एकाला त्यांनी चुकून परत घरी पाठवलं असावं, अशी त्यांची शंका आहे.

२५ डिसेंबर

लेक बोलत नाही. भांडत नाही, चिडत नाही, "बाबा, चहा" एवढं म्हणते आणि कप ठेवून जाते. हिने मला विचारलं, "अहो, तुम्हाला लक्ष ठेवायला पाठवलं होतं ना?" म्हटलं, "तेच करायला गेलो होतो." ही म्हणाली, "तुम्हा दोघांनाही मी..." आणि थांबली. पुढे काय ते सांगितलं नाही. दूध उतू जात होतं.

तिला बघून हो-नाही सांगणार होतो मी. आता कोणत्या तोंडाने?

२७ डिसेंबर

जॅकेट धुऊन, घडी घालून बेकरीत नेलं. गल्ल्यावर ठेवलं आणि म्हटलं, "दुसरं कोणी बघा. माझ्याकडून होणार नाही."

कप्तानबाईंनी हात पिठात असल्यामुळे कोपराने ते माझ्याकडे परत ढकललं. "आता तर तुम्हालाच घालायचंय. दुसऱ्याला हे शिकवायला मला पुन्हा तिघं जण थंडीत उभे करावे लागतील."

मात्र शिक्षा आहे. क्लबाच्या रिवाजाप्रमाणे चुकणाऱ्याने सगळ्यांच्या हेल्मेटच्या काचा पुसायच्या. बेकरीच्या मागे बसून पुसल्या. काचेवर एक साधा ओरखडा असला तरी समोरच्या दिव्याचे दहा दिवे दिसतात, हे दातवाल्याच्या हेल्मेटमधून बघितलं तेव्हा कळलं. त्याला काच बदलायला सांगितली. तो म्हणाला, "काका, तुमची तपासणी सुरू झाली म्हणजे तुम्ही बरे आहात."

शेवटी लेकीचं हेल्मेट. आत अस्तराला तिचा नेहमीचा साबणाचा वास. काच आधीच लख्ख होती. तरी पुसली.

३१ डिसेंबर, रविवार

वर्षाची शेवटची फेरी, टेकडीवरच्या जुन्या दीपस्तंभासारख्या पाणी-टाकीपर्यंत. रस्ता वळणावळणाचा, त्यामुळे सगळ्यांना कोपरे आले.

मी मागे राहिलो. एवढंच केलं, आणि ते दगडाला जमण्यासारखं नाही. गाड्या मधे घुसल्या, घुसू दिल्या. एका फाट्यावर पुढचं काहीही दिसत नव्हतं, पण तिथे दातवाला हात करून उभा होता. मला पाहून त्याने लवून नमस्कार केला आणि पुढे लागला. मास्तर एका कुटुंबाला रस्ता समजावत होते, त्यांना हॉर्न देऊन बोलवावं लागलं.

टेकडीच्या पायथ्याला लेक. मी दिसताच तिने गाडी काढली आणि माझ्या पुढे लागली. चोवीसचं धुकं सोडलं, तर एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती मला गाडी चालवताना दिसली. आणि काय दिसलं? ती सारखी मागे वळून बघत होती. वळणाआधी बघायची, वळणानंतर बघायची. एकदा बघता बघता कडेच्या खडीवर तिचं चाक गेलं, तिने सावरलं. महिनाभर तिची चूक शोधत होतो. सापडली ती अशी, आणि ती माझीच होती.

वर पोचल्यावर सगळे चहाला गेले. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "तू चालवताना मागे बघतेस."

"हो."

"बघू नकोस. मी असेन."

ती नखाने बाईकच्या टाकीवरचा चिखल खरवडत राहिली. मी म्हटलं, "आणि समुद्राचं विचारलं होतंस. जा तू. मला काही बघायचं राहिलेलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, शेपटाशिवाय कप्तानबाई निघत नाहीत. पोस्टातल्या काकांना अजून चालताही येत नाहीये. आणि ते हातमोजे मी काय गल्लीत घालायला आणले होते का?"

म्हणजे समुद्राला मीही! नंतर म्हटलं, "तुझ्या आईला विचारायला हवं."

"आईने तुमची बॅग काढून ठेवलीय. गेल्या रविवारच्या आधीच."

या घरात मला काही सांगायची पद्धतच नाही.

उतरताना पुन्हा पायथ्याच्या फाट्यावर कोपरा तिच्याच वाट्याला आला. ऊन पडलं होतं. तिने मला पाहिलं, हात खाली घेतला, गाडी काढली आणि पुढे लागली. पहिलं वळण आलं. मी तिच्या हेल्मेटकडे बघत होतो. दुसरं वळण आलं, मग पुलाजवळचं लांबलचक वळण, जिथे कोणालाही मागे बघावंसं वाटेल. ती सरळ समोर बघत गेली, पाठ ताठ, खांदे सैल. बेकरी येईपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मी मागेच होतो.